असं म्हणता येतं का?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ताईच्या मते मी जन्माला यायलासुद्धा घाबरले होते, म्हणून तारीख उलटून गेल्यावर आले. तिचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असं मी लहानपणीच ठरवलं, पण आज तिचं 'भित्री भागूबाई' दिवसभर कानात वाजत राहिलं. संस्थेने रेकॉर्डिंगसाठी मला तळघरातली खोली दिली आहे. एकच दार, खिडकी नाही, भिंतींना जाड लोकरीसारखं काहीतरी चिकटवलेलं. आत बोललेलं बाहेर अजिबात ऐकू जात नाही, असं आमच्या विभागप्रमुख सरांनी अभिमानाने सांगितलं. आत काही झालं तर ओरडून उपयोग नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागला.

काम मात्र माझ्या आवडीचं आहे. क्रियापद करणाऱ्याची बाजू घेतं की सोसणाऱ्याची, आणि निरनिराळ्या भाषा हे कसं दाखवतात, यावर एक प्रकरण लिहायचं. आपण 'मांजराने उंदीर मारला' म्हणतो, नाहीतर 'उंदीर मारला गेला'. मेलेल्या उंदराला आपण वर आणखी जायला लावतो, हे मला शाळेपासून विचित्र वाटतं. कुठे क्रियापदाला शेपटी लागते, कुठे पुढे एखादं अक्षर चिकटतं, कुठे नुसता मधला स्वर बदलतो. एका भाषेत तर पाऊस पडला आणि त्याचा त्रास मला झाला, एवढं सगळं एका क्रियापदात बसतं. प्रकरण डिसेंबरअखेर हातात दिलं नाही तर माझी नेमणूक पुढे चालणार नाही. हे सरांनी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा गोड आवाजात.

वाक्यं सांगायला एक शिंपीण मिळाली आहे. कोपऱ्यावरच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसते. लग्न होऊन लांबच्या डोंगराळ मुलुखातून इथे आली. तिची भाषा बोलणारं दुसरं कोणी या शहरात मला सापडलेलं नाही. मी ती जुन्या व्याकरणांतून शिकले आहे, त्यामुळे कळते बरीच, बोलते मात्र बोबडं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बसायचं ठरलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिली बैठक. आत जाण्यापूर्वी सरांनी त्यांचा दंडक पुन्हा ऐकवला. समोरच्याने वाक्य दिलं की त्यातल्या गोष्टीच्या मागे लागायचं नाही. हळहळायचं नाही, हसायचं नाही. आपण दाद दिली की माणूस आपल्याला आवडतील तशी वाक्यं बनवू लागतो आणि सगळं मुसळ केरात. 'खरं आहे का' हे आपलं काम नाही, 'असं म्हणता येतं का' एवढंच विचारायचं.

शिंपीण तीसएक वर्षांची असेल. विटकरी रंगाचा टोपीवाला कोट, जवळजवळ माझ्या तपकिरी कोटासारखाच, गळ्यात मापाची टेप, ती काढायची विसरलीच. तिच्या भाषेत क्रियापदाला चार शेपट्या लागतात. मी केलं, आपोआप झालं, कोणीतरी केलं पण कोणी ते सांगायचं नाही, आणि कोणीतरी करायला लावलं. मी मारण्यापासून सुरुवात केली. माणसाने कुत्र्याला मारलं, कुत्रा मारला गेला. व्याकरणवाले मोठे मारकुटे असतात. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, तुमच्या वाक्यांत सगळे एकमेकांना मारतातच का हो, बाई? मी समजावून सांगितलं की मारण्यात करणारा आणि सोसणारा अगदी स्पष्ट वेगळे दिसतात. ते खरं, असं म्हणाली.

निघताना माझ्याकडे वरून खाली बघून तिने निकाल दिला, "तुमचं नि माझं माप एकच. खांद्याला बोटभर फरक. बाही मात्र लांब झालीय तुमची, आणा एकदा दुकानात."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज कोणीतरी माझ्या मागे आलं.

नीट लिहिते. चारला बैठक संपली. शिंपीण मागच्या अंगणातल्या दाराने गेली. तिथून दुकान जवळ पडतं म्हणते. माझ्या हिशोबाने लांब पडतं, पण शिंपिणीशी मापावरून वाद कोण घालणार. मी जरा आवराआवर करून पुढच्या दाराने निघाले. समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस उभा होता, राखाडी स्वेटर, हात खिशात. मी कोटाची टोपी डोक्यावर ओढली आणि वळले, तर तोही वळला. पुलापर्यंत माझ्या मागे होता. पुलावर मी मागे बघितलं तेव्हा तो थांबला, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि परत फिरला. घरापर्यंत मी धावतच आले. ताईला सांगितलं तर म्हणाली, तुझ्यामागे लागायला माणसाला दुसरे उद्योग नाहीत का.

बैठक छान झाली, हे लिहायचं राहिलं. मी 'दार लावलं गेलं' एवढंच विचारलं होतं. तिने आपणहून 'दाराला बाहेरून कडी घातली गेली' असं दिलं. आतून आणि बाहेरून यांना त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत. मला तर लॉटरीच लागली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तो पुन्हा होता. मी आता दुसरा रस्ता शोधला आहे. कापडबाजारातून आत शिरायचं, टपाल कचेरीच्या एका दाराने जाऊन दुसऱ्याने निघायचं, मग नळदुरुस्तीवाल्यांच्या बोळातून पुलावर. दुप्पट वेळ लागतो, पण टपाल कचेरीत तो चुकतो. हे मी स्वतः शोधून काढलं याचा मला थोडा अभिमानही वाटतो. भित्र्या माणसाला शहर चांगलं कळतं.

आज भाजण्याची वाक्यं घेतली. शिंपिणीच्या हाताला पट्टी होती, इस्त्री लागली असणार, म्हणून तेच क्रियापद सुचलं. तिने सुरेख तीन रूपं दिली. माझा हात आपोआप भाजला. मी हात भाजून घेतला. माझा हात भाजला गेला. मग म्हणाली, आणि कोणी भाजला ते सांगायचं असेल तर कसं म्हणतात, ते नाही विचारत? अशी माणसं नशिबाने मिळतात. पुढचा प्रश्न तीच मला सुचवते. मी विचारलं, तिने सांगितलं, मी मान हलवून पुढे गेले.

ताई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर जगाला 'कुठे जायचंय' विचारते, त्यामुळे घरी आल्यावर तिला गप्प राहवत नाही. आज सांगत होती, कोणी एक विटकरी कोटवाली बाई हल्ली येते, डोंगराकडच्या त्याच एका गाडीची वेळ विचारते आणि तिकीट न घेता जाते. ताई म्हणते, लोकांना हौस असते. मी म्हटलं, असेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हवं असलेलं वाक्य अखेर मिळालं! मी कधीपासून भविष्यकाळ आणि सोसणाऱ्याची शेपटी एकत्र शोधत होते. विचारून येत नव्हतं. आज तिने एकाएकी, मी काहीच विचारलेलं नसताना म्हटलं, "मी निघाले हे कळलं, तर मी मारली जाईन."

'अरे वा' अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. पद्धतीप्रमाणे कर्ता बदलून घेतला. ती मारली जाईल, आपण मारल्या जाऊ. मग तिने विचारलं, करणारा सांगून म्हणू? म्हणा ना, म्हटलं. "नवऱ्याकडून मारली जाईन." असं म्हणता येतं का, मी विचारलं. येतं, ती म्हणाली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. दमली असावी. मी यंत्र बंद केलं.

वर जाऊन सरांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, उत्तम, प्रकरणाच्या सुरुवातीला हेच घ्या.

स्वेटरवाला टपाल कचेरीच्या दुसऱ्या दाराशी उभा होता. तिथे कसा आला? माझा रस्ता त्याने ओळखला. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं कळेना.

आज मी निघाले आणि तो सरळ समोर आला. मी पर्स छातीशी घट्ट धरली. त्याने मात्र अदबीने नमस्कार केला. शिंपिणीचा नवरा तो! मागून तुम्ही तिच्यासारख्याच दिसता, टोपी घातली की ओळखू येत नाही, म्हणून चुकून मागे आलो, माफ करा, म्हणाला. बायको इथे कामाला येते, घरी यायला उशीर होतो, काळजी वाटते. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तोंडाचा पट्टाच सुरू झाला. अहो, काळजी कसली, आम्ही नुसती वाक्यं बोलतो, चारला अगदी वेळेवर सोडते मी तिला. चारला? त्याने विचारलं. हो, चारच्या ठोक्याला. मागच्या दाराने जाते ती, म्हणून तुम्हाला दिसत नसेल. बिचारा दोनदा आभार मानून गेला.

घरी ताईला रंगवून सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने कांदा चिरायचं थांबवून विचारलं, "काळजी वाटते तर आत येऊन बसत का नाही गं तो?"

हिच्या डोक्यात सतत काहीतरी वळवळत असतं. आज मला शांत झोप लागेल.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शिंपीण आली नाही. दुकानात निरोप ठेवला, उत्तर नाही.

रिकामा वेळ होता म्हणून सगळ्या बैठका पहिल्यापासून ऐकायला बसले. एरवी मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकते, एक शेपटी, एक रूप. आज हात दुखत होता म्हणून काही लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. दाराला बाहेरून कडी घातली गेली. हात भाजला गेला. कोणी भाजला. माझे पैसे काढून घेतले जातात. बहिणीला निरोप पाठवला गेला. मी निघाले हे कळलं, तर. आणि प्रत्येक वाक्यानंतर एक बाई स्वच्छ, समाधानी आवाजात म्हणते, ठीक, आता हेच, करणारा न सांगता.

ती बाई मी.

मी यंत्र बंद केलं. विटकरी कोट. डोंगराकडची गाडी. चार ते घरी पोचेपर्यंतचा वेळ तिने स्वतःसाठी राखून ठेवला होता, आणि तो मी त्याला देऊन टाकला, वर नमस्कार घेऊन.

सरांकडे धावत गेले. ते म्हणाले, वाक्य म्हणजे वाक्य, त्यातून माणसाचं चरित्र काढू नये. मग म्हणाले, दार लावून जा.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ताईने मला हाताला धरून दुकानापर्यंत नेलं आणि ती बाहेर थांबली. मी माझा कोट घेऊन आत गेले, बाही कमी करायला.

शिंपीण मशीनवर होती. डोळ्याखाली काळंनिळं. नवरा पुढच्याच स्टुलावर बसून पेपर वाचत होता. मला बघून त्याने ओळखीचं हसू दिलं आणि मी घाईने कोट पुढे केला. ती उठली, मला कोट घालायला लावला, तोंडात टाचण्या धरून बाही दुमडू लागली. तिची भाषा त्याला येत नाही. घरात ती बोलायची नाही असा त्याचा नियमच आहे, हे तिने कधीतरी वाक्यातच सांगितलं होतं, मी ते 'नकार' या खणात टाकलं होतं.

मला विचारायचं होतं, हे सगळं खरं आहे का? आणि मला विचारता येईना. त्या भाषेत 'खरं' कसं म्हणतात तेच मी कधी शिकले नव्हते. शेवटी तिचंच वाक्य हळू आवाजात परत म्हटलं. दाराला बाहेरून कडी घातली जाते?

तिचे हात थांबले. टाचण्या तशाच ठेवून ती म्हणाली, "घातली जाते, बाई. आज पण."

नवऱ्याने पेपर खाली केला. काय म्हणते ती? माझी बाही, मी म्हटलं, बाही फार वाढलीय म्हणते. आणि तसंच, कुठून सुचलं देव जाणे, त्याला सांगितलं की एकच बैठक राहिली आहे, ती पुरी झाल्याशिवाय तिचं मानधन निघणार नाही. त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, मंगळवारी मी स्वतः आणून सोडतो आणि दाराशी थांबतो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ताई म्हणाली पोलिसांत जाऊ. शिंपिणीच्या एका वाक्यात तेही होतं: मी एकदा गेले, त्याला बोलावलं गेलं, मला घरी पाठवलं गेलं. ताईने पोलिसांचा विषय सोडला. मग तिने गाड्यांचं वेळापत्रक काढलं.

मला काय करायचं आहे ते कळतंय, आणि ते माझ्याच्याने होणार नाही असंही वाटतंय. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. माझ्याऐवजी दुसरं कोणी नाही का, असं ताईला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या मापाचं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

आजचं आजच लिहिते.

त्याने तिला आणलं आणि चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. मागच्या दारावर आज कुलूप लावा, असं जाताना पहारेकऱ्याला सांगून गेला. पहारेकऱ्याने हो म्हटलं, आणि ताईने आणलेला डबा खाल्ला, आणि कुलूप लावायचं विसरला.

तळघरात मी यंत्र सुरू केलं नाही. दोघींनी कोट बदलले. माझा कोट तिला चपखल बसला. तिने सवयीने बाही ओढून पाहिली. ताई मागच्या अंगणात उभी होती. शिंपिणीने मापाची टेप काढून माझ्या गळ्यात घातली आणि टोपी माझ्या डोक्यावर ओढली. मग त्या दोघी गेल्या.

मी चार वाजायची वाट पाहिली. पुढच्या दाराची मूठ धरली तेव्हा तळहात इतका ओला होता की ती फिरेना.

मान खाली घालून बाहेर पडले आणि कोपऱ्याकडे भराभर चालू लागले. इतके दिवस मी मागून पावलं ऐकू येऊ नयेत म्हणून जीव मुठीत धरून चालले. आज ऐकू येत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. ये, मी मनात म्हणत होते, ये रे मेल्या, माझ्यामागे ये. मग आली. धावतच आली.

त्याला चुकवायला शोधलेल्या रस्त्यानेच त्याला नेलं. कापडबाजारातल्या गर्दीत मी दोनदा मुद्दाम थांबले, तो मागे पडू नये म्हणून. टपाल कचेरीत एका दाराने शिरले आणि दुसऱ्याने निघाले. तो तिचं नाव घेऊन हाका मारत होता, मी वळले नाही. ताईने सांगितलं होतं, गाडी सुटेपर्यंत ओढ. नळवाल्यांच्या बोळात माझा पाय मुरगळला. पुलाच्या मध्यावर त्याने मला दंडाला धरून फिरवलं.

माझा चेहरा बघून त्याने टोपी मागे ओढली. मग विचारलं, ती कुठे आहे. 'मला माहीत नाही' हे मी तीन दिवस आरशासमोर पाठ केलं होतं.

"मी पाठवली तिला," मी म्हणाले. "मी पाठवली. कुठे ते सांगणार नाही."

आवाज उंदरासारखा निघाला, पण निघाला. दंडाची पकड इतकी घट्ट झाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठड्याशी बसलेला बूटपॉलिशवाला उठला, मागून दोन बायका थांबल्या, काय झालं हो, काय झालं. त्याने हात सोडला. तुमचं घर मला माहीत आहे, असं हळूच म्हणाला आणि बसस्थानकाच्या दिशेने धावला. गाडी तोवर गेली होती. ताईने स्वतः दार लावून घेतलं होतं तिचं.

दंडावर चार बोटं उमटली आहेत.

मंगळवार, ९ डिसेंबर

सरांना सांगितलं की प्रकरणाच्या सुरुवातीचं वाक्य मी काढलं आहे. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, बोलणाऱ्याला एकदा पुन्हा विचारून घ्यायचं राहिलं होतं. नेमणुकीचं बघू, असं ते म्हणाले, याही वेळी गोड आवाजात.

तिचा फोन दुपारी संस्थेत आला. बहिणीकडून बोलत होती, मागे मशीन चालू होती, बहीणही शिवते वाटतं. मी सरळ कामच काढलं. तिच्या भाषेत तिचं वाक्य म्हटलं, मी मारली जाईन, आणि विचारलं, असं म्हणता येतं का?

मशीन थांबली.

"म्हणता येतं की, बाई," ती म्हणाली. आणि मग मला माहीत नसलेला एक शब्द आला. मी विचारलं, याचा अर्थ काय. तिने इथल्या भाषेत सांगितला. "खरं. म्हणता येतं, पण आता ते खरं नाही."

मी तो शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

समोर पायरीवर राखाडी स्वेटर उभा आहे. रोज असतो. आता तो माझ्यासाठीच असतो यात शंका नाही, आणि मला भयंकर भीती वाटते. या वेळी पोलिसांत मी स्वतः लिहून दिलं आहे, तो अजून आहेच. ताई न्यायला आली की निघायचं. सरळ रस्त्याने जायचं आहे, मुरगळलेल्या पायाने ते लांबचं वळण जमत नाही. विटकरी कोट घालून बसले आहे. खांद्याला बोटभर मोठा होतो.